एकाच फ्रिक्वेन्सीवरचा डीएमआर रिपीटर: आधी सावली शोधा, मग सेट घ्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात धायरीत राहणारे एक नवीन हॅम (हौशी रेडिओवाले), तीन महिन्यांपूर्वी लायसन्स हातात आलंय, दोन डीएमआर हँडी (हातात धरायचे डिजिटल वायरलेस सेट) आहेत, पाच मजली बिल्डिंगची गच्ची सोसायटीने वापरायला दिलीये. डुप्लेक्सर (एकाच अँटेनावर ऐकणं आणि बोलणं वेगळं ठेवणारा फिल्टर) परवडत नाही म्हणून एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणारा रिपीटर, म्हणजे ऐकलेलं परत हवेत सोडणारा सेट, लावायचा विचार आहे. त्यातून हिंजवडी ते हडपसर कव्हर होईल का, कुठला सेट घ्यायचा, सेटिंग काय करायचं, आणि हाच सेट ट्रेकला नेऊन ग्रुपमधल्या सगळ्यांना वापरता येईल का, एवढं विचारलंय.

तुम्ही विचारताय ते "कुठला सेट घेऊ", पण माझ्या मते खरा प्रश्न वेगळा आहे. तुम्हाला अख्खं शहर झाकायचंय की एका टेकडीची सावली, म्हणजे टेकडीआड सिग्नल न पोचणारी जागा, भरायचीये? ही दोन कामं वेगळी आहेत आणि एकाच फ्रिक्वेन्सीवरचा रिपीटर, ज्याला आपण सगळे एसएफआर म्हणतो, तो दुसऱ्या कामाचा गडी आहे. पहिल्या कामाला लावलात तर तो पण दमेल आणि तुम्ही पण.

आधी हे चालतं कसं ते बघू, कारण पुढची सगळी सेटिंग आणि सगळ्या चुका त्यातूनच येतात. नेहमीचा रिपीटर एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसरीवर बोलतो. आता २५ वॅट म्हणजे साधारण ४४ डीबीएम (सिग्नलची ताकद मोजायचं माप), आणि त्याच अँटेनावर त्याला ऐकायचा असतो उणे ११८-११९ डीबीएमचा लांबचा सिग्नल, म्हणजे फरक १६० डीबीच्या वर. लाऊडस्पीकरच्या भिंतीला कान लावून पलीकडच्या गल्लीतली कुजबुज ऐकण्यातला प्रकार. म्हणून ते कॅव्हिटीचे डबे, म्हणजेच डुप्लेक्सर, लागतात, आणि व्हीएचएफवर (आपला १४४ मेगाहर्ट्झचा पट्टा) दोन फ्रिक्वेन्सींमध्ये जेमतेम ६०० किलोहर्ट्झ अंतर असल्यामुळे ते डबे मोठे, जड, महाग आणि ट्यून करायला किचकट होतात. यूएचएफवर (४३४ मेगाहर्ट्झचा पट्टा) अंतर जास्त ठेवता येतं त्यामुळे छोट्या डब्यात काम भागतं, हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

एसएफआर हा झगडाच टाळतो. डीएमआरमध्ये १२.५ किलोहर्ट्झच्या चॅनेलवर वेळेचे दोन तुकडे असतात, प्रत्येकी ३० मिलिसेकंदांचे, एकाआड एक. तुमची हँडी सिम्प्लेक्सवर, म्हणजे रिपीटरशिवाय थेट, बोलत असली तरी ती सलग ट्रान्समिट करत नसते, ३० मिलिसेकंदांच्या एका तुकड्यात बोलते, पुढच्यात गप्प बसते, परत बोलते. तुमच्या कानाला सलग आवाज येतो कारण समोरचा सेट तो जोडून देतो. हा जो गप्प बसायचा तुकडा आहे तो नुसता वाया जात असतो, एसएफआर तिथे घुसतो. पहिल्या तुकड्यात ऐकलं, दुसऱ्यात तेच परत बोलला, पुन्हा ऐकलं, पुन्हा बोलला. गोंधळात मुख्य गोंधळी ओळ म्हणतो आणि मागचा झीलकरी ती उचलून धरतो ना, तसा हा झीलकरी, फक्त ओळ संपायची वाट न बघता दर श्वासाच्या फटीत म्हणणारा. एका वेळी एकतर ऐकणं नाहीतर बोलणं, त्यामुळे डुप्लेक्सर नको, दुसरी अँटेना नको, दुसरी फ्रिक्वेन्सी नको.

यावरून तीन-चार गोष्टी आपोआप कळतात, त्या लोक विसरतात. एक म्हणजे साध्या एफएमवर हे होणार नाही, कारण एफएममध्ये फटच नाही, माणूस सलग बोलतो. डी-स्टार आणि सीफोरएफएम या दुसऱ्या डिजिटल पद्धती पण सलगच जातात म्हणून तिथेही नाही. टेट्रा या व्यावसायिक वायरलेस पद्धतीत वेळेचे तुकडे असल्यामुळे तिथे असले रिपीटर आहेत, पण ते आपल्या खिशाबाहेरचं प्रकरण. एफएमवर एका फ्रिक्वेन्सीत जे मिळतं तो पोपट: तुमचं बोलणं रेकॉर्ड करतो आणि तुम्ही थांबल्यावर परत वाजवतो, पंधरा सेकंदांच्या बोलण्याला अर्धा मिनिट जातो. निवांत असेल तर ठीक, धावपळीत डोकं उठतं.

दुसरं म्हणजे एका वेळी एकच संभाषण. नेहमीच्या डीएमआर रिपीटरवर दोन तुकड्यांत दोन वेगळ्या गप्पा चालू शकतात, इथे दुसरा तुकडा झीलकऱ्याने घेतलाय.

तिसरं, आणि याबद्दल माझ्याशी खूप जणांनी वाद घातलाय, दोन एसएफआर एकाच फ्रिक्वेन्सीवर साखळीत जोडता येत नाहीत. दुसऱ्याने पहिल्याचं ऐकून परत बोलायचं ठरवलं तर रिकामा तुकडा उरलाय कुठे? मूळ माणूस ज्या तुकड्यात बोलतोय त्यातच तो घुसणार आणि मधल्या भागातल्या लोकांना खिचडी ऐकू येणार. त्यामुळे "एक धायरीत, एक पाषाणात, एक हडपसरला लावू" हे डोक्यातून काढा.

आणि हॉटस्पॉटशी गल्लत करू नका. ती छोटी रास्पबेरी पायवाली डबी पण एकाच फ्रिक्वेन्सीवर चालते, पण ती काही मिलिवॅटची असते आणि तुमचा आवाज इंटरनेटवर नेते. हवेतून घेऊन हवेतच परत फेकणं हे तिचं काम नाही.

आता हिंजवडी ते हडपसर. याचं उत्तर सेटमध्ये नाही, उंचीत आहे. ढोबळ हिशोब असा की अँटेनाची मीटरमधली उंची घ्या, वर्गमूळ काढा, ४.१२ ने गुणा, तेवढे किलोमीटर क्षितिज. दोन्ही बाजूंचं काढून बेरीज करायची. तुमची गच्ची आणि पाइप मिळून १८ मीटर धरले आणि समोरचा माणूस हँडी तोंडाशी धरून उभा आहे म्हणजे दीड मीटर, तर बेरीज येते २२ किलोमीटरच्या आसपास. कागदावर झकास. पण हा हिशोब सपाट मोकळ्या जमिनीचा आहे आणि पुणे तसं नाही. धायरीहून हडपसरकडे बघितलंत तर मध्ये तळजाई-पर्वतीचा डोंगर आणि त्यापुढे अख्खं बिबवेवाडी-वानवडीचं काँक्रीट. हिंजवडीकडे वारज्याच्या टेकड्या, पुढे बावधन, बाणेर. तुमच्या गच्चीवरून सिंहगड रोड, वडगाव, नऱ्हे, नांदेड सिटी, नशीब असेल तर खडकवासल्याच्या बाजूचा काही भाग, एवढं प्रामाणिकपणे मिळेल. त्यापुढे तुकडे-तुकडे. आणि डिजिटलचा स्वभाव असा की तो एफएमसारखा हळूहळू खरखरत जात नाही, छान चालू असतो आणि दहा पावलं पुढे गेलात की रोबोटसारखा घुरघुरतो आणि संपतो.

याच हिशोबात सिंहगड टाकून बघा. गड समुद्रसपाटीपासून १३०० मीटरच्या आसपास, पुणे ५६० च्या आसपास, म्हणजे ७५० मीटरचा फरक, क्षितिज शंभर किलोमीटरच्या पार जातं. शहर झाकायचं तर असली जागा लागते, आणि ती एका माणसाच्या हौसेवर होत नाही. परवानगी, वीज, विजेपासून संरक्षण, पावसाळ्यात वर जाणारा कोणीतरी, हे सगळं क्लबचं काम. एवढं सगळं जमवलंत तर मग तिथे एसएफआर कशाला लावता, यूएचएफचा डुप्लेक्सर घालून सरळ नेहमीचा रिपीटर लावा, दोन संभाषणं मिळतील. शिवाय सिंहगडावर दूरदर्शनचा टॉवर आहे, असल्या जोरदार ट्रान्समीटरच्या शेजारी हँडीचा उघडा रिसीव्हर बहिरा होतो, तिथे फिल्टर लागतातच. डुप्लेक्सर वाचवायला गेलात आणि फिल्टर विकत घेत बसलात, अशी गत.

मग एसएफआर लावायचा कुठे? जिथे दोन माणसं एकमेकांना ऐकू शकत नाहीत पण दोघंही तिसऱ्या जागेला ऐकू शकतात, तिथे. मी याला सावली भरणं म्हणतो. राजगडाचं उदाहरण घ्या. एक जण सुवेळा माचीवर, एक संजीवनी माचीवर, मध्ये बालेकिल्ला आडवा. दोघांकडे पाच-पाच वॅट आहेत आणि उपयोग शून्य. पण बालेकिल्ल्यावर एक हँडी एसएफआरवर ठेवली की दोन्ही माच्या, पद्मावतीवरचा मुक्काम आणि गुंजवण्याच्या बाजूचा बराच भाग एका फ्रिक्वेन्सीवर येतो, एका खिशात मावणाऱ्या वस्तूत. वारीत दिवे घाटाचं पण तसंच, घाटाखालचा आणि घाटमाथ्यापलीकडचा माणूस एकमेकांना मिळत नाहीत, माथ्यावर एक सेट उभा केला की प्रश्न मिटतो, आणि पालखी पुढे गेली की उचलून गाडीत टाकायचा. ही त्याची जागा. तात्पुरतं, उंचावर, जवळच्या सावलीसाठी.

सेट कुठला घ्यायचा याबद्दल मी एकच सांगेन, एसएफआर ही सेटच्या आतली सोय आहे, बाहेरून जोडता येत नाही. दर ३० मिलिसेकंदांनी ट्रान्समीटर बंद करून रिसीव्हरने कान टवकारायचे, मधला रिकामा वेळ जेमतेम अडीच मिलिसेकंद, हे प्रत्येक सेटच्या हार्डवेअरला जमत नाही. हायटेराच्या वरच्या श्रेणीतल्या काही हँडींमध्ये आणि एनीटोनच्या काही मॉडेलमध्ये ही सोय आहे, पण मॉडेल आणि फर्मवेअर दोन्ही जुळावं लागतं, काही ठिकाणी तर ती सोय वेगळी चालू करून घ्यावी लागते. विकत घ्यायच्या आधी दुकानदाराला समोर चालवून दाखवायला सांगा. "सर होतं त्यात" यावर विश्वास ठेवू नका, मी एकदा ठेवला आणि सहा महिने तो सेट नुसता हँडी म्हणून वापरला. बाकीच्यांच्या हँडी मात्र साध्या डीएमआर असल्या तरी चालतात, तुमच्याकडच्या दोन वाया जाणार नाहीत.

सेटिंग. सगळ्यांची ट्रान्समिट आणि रिसीव्ह फ्रिक्वेन्सी एकच. कलर कोड (चॅनेलची ओळख सांगणारा आकडा) सगळ्यांचा एकच, ० ते १५ मधला कुठलाही, बहुतेक जण १ ठेवतात. टॉकग्रुप (ग्रुपचा नंबर) एकच, सिम्प्लेक्ससाठी हॅम लोकांत ९९ वापरायची पद्धत आहे. प्रत्येक सेटमध्ये त्या माणसाचा स्वतःचा डीएमआर आयडी, आपल्याकडचे ४०४ ने सुरू होतात. मित्राचा आयडी कॉपी करून टाकू नका, मग कोण बोलतंय ते स्क्रीनवर चुकीचं दिसतं. एन्क्रिप्शन पूर्ण बंद, हॅमवर अर्थ लपवून बोलायला आंतरराष्ट्रीय नियमांतच मनाई आहे आणि या स्वस्त सेटमध्ये तो पर्याय चुकून चालू राहतो. एसएफआर फक्त मधल्या एका सेटवर चालू करायचं, मेनूतली नावं कंपनीगणिक वेगळी आहेत त्यामुळे मॅन्युअल बघा.

आता ज्या सेटिंगकडे कोणी बघत नाही ती: "चॅनेल मोकळं असेल तरच ट्रान्समिट". ही सगळ्या हँडींवर चालू ठेवा. कारण सुवेळावरच्या माणसाला संजीवनीवरचा थेट ऐकू येत नाही, त्याला फक्त झीलकरी ऐकू येतो. झीलकऱ्याचा आवाज येतोय म्हणजे चॅनेल भरलंय एवढं त्याच्या सेटला कळलं तरी पुरतं. ती सेटिंग बंद असेल तर तो मध्येच पीटीटी (बोलायचं बटण) दाबतो, आणि एफएमवर निदान शिट्टी ऐकू येते की दोघं एकदम बोलतायत, इथे नुसताच आवाज फुटतो आणि सगळे सेटला शिव्या घालतात. टाइम-आउट (एका दमात बोलायची मर्यादा) ६० सेकंदांवर ठेवा. आणि पीटीटी दाबल्यावर सेकंदभर थांबून बोलायची सवय लावा, मधल्या सेटला जागं होऊन वेळ जुळवायला थोडी सवड लागते, नाहीतर कॉलसाईनचं (लायसन्सवरच्या तुमच्या रेडिओ-ओळखीचं) पहिलं अक्षर दर वेळी कापलं जातं.

पॉवरचं गणित जुळवा. लोक बॅटरी वाचवायला मधला सेट कमी पॉवरवर ठेवतात आणि बाकीचे जास्त पॉवरवर, मग त्याचे कान मोठे आणि तोंड लहान, तो सगळ्यांना ऐकतो पण त्याचं कोणाला पोचत नाही. सगळे सारख्या पॉवरवर हवेत, आणि तुमच्या लायसन्सवर लिहिलेल्या मर्यादेत. तो सेट बोलणं चालू असेपर्यंत निम्मा वेळ ट्रान्समिट करत असतो, त्यामुळे तापतो. उन्हात कातळावर ठेवू नका, रुमालात गुंडाळू नका, सावलीत वारा लागेल असा टांगा. जादा बॅटरी वर ठेवा. आणि त्याच्याजवळ लायसन्सवाला माणूस बसलेला हवा, कारण तो सेट आपोआप कॉलसाईन सांगेल असं गृहीत धरता येत नाही.

गच्चीवर लावणार असाल तर सगळ्यात जास्त पैसे केबलवर घाला. यूएचएफवर आरजी-५८ या पातळ केबलमध्ये मीटरला साधारण ०.३५ डीबी जातात, म्हणजे गच्चीवरून खाली घरापर्यंत २० मीटर टाकलीत तर ७ डीबी गेले, पाच वॅटमधला एकच वॅट वर पोचला, आणि येणारा सिग्नल पण तेवढाच कापला गेला. एलएमआर-४०० या जाड केबलमध्ये तेच दोन डीबीच्या आत राहतं. त्यापेक्षा सोपं म्हणजे सेटच वर अँटेनाजवळ डब्यात ठेवा आणि खालून फक्त १२ व्होल्ट न्या.

टेस्टिंगची एक गोष्ट सांगतो, माझीच फजिती आहे. पहिल्यांदा हा प्रकार केला तेव्हा आम्ही तिघं वेताळ टेकडीवर गेलो, सेट खाणीच्या वरच्या अंगाला ठेवला, एक जण एआरएआयच्या बाजूला, एक जण चतुःशृंगीच्या दिशेने चालत गेला. आवाज एकदम खणखणीत. तासभर गप्पा मारल्या, फोटो काढले, खाली येऊन अमृततुल्यमध्ये चहा घेताना लक्षात आलं की मधल्या सेटवर एसएफआर चालूच केलेलं नव्हतं. तासभर आम्ही एकमेकांशी थेट बोलत होतो. डीएमआरमध्ये थेट आणि फिरून आलेला आवाज कानाला सारखाच लागतो, वेगळा शेपटाचा आवाज नाही की बीप नाही, त्यामुळे कळायला मार्ग नाही.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. आधी मधला सेट बंद ठेवून दोन माणसं अशा जागी पाठवायची जिथे थेट काहीच ऐकू येत नाही. वेताळ टेकडीसाठी एक पाषाण तलावाशी आणि एक कोथरूडात, मध्ये टेकडी आडवी. थेट बोलणं होत नाही याची फोनवर खात्री करायची. मग मधला सेट चालू, बोलणं व्हायला पाहिजे. मग परत बंद, बोलणं तुटायला पाहिजे. हे चालू-बंद तीनदा केल्याशिवाय मी एसएफआर चालतोय असं म्हणत नाही. टेबलावर दोन हँडी ठेवून केलेल्या टेस्टला काही अर्थ नाही.

जिथे माणूस थेट पण ऐकू येतो आणि एसएफआरमधून पण, तिथे काही सेट गोंधळतात, कधी हा तुकडा पकडतात कधी तो, आणि आवाज अडखळतो. तुमच्या हँडीत ठरावीक स्लॉटच (वेळेचा तुकडाच) ऐकायचा पर्याय असेल तर तो मधल्या सेटच्या स्लॉटला लावून बघा. नसेल तर दहा-वीस पावलं सरका, बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं.

लायसन्सचं. आपल्याला व्हीएचएफवर १४४ ते १४६ आणि यूएचएफवर ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ, त्याच्या आतच. गच्चीवर कायमचा रिपीटर लावायचा तर दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी (वायरलेस परवाने देणाऱ्या) विंगकडून लेखी परवानगी घ्या, आणि तुमच्या लायसन्सवरचा पत्ता आणि अटी एकदा नीट वाचा. फ्रिक्वेन्सी ठरवायच्या आधी पुण्यातल्या जुन्या हॅम्सना विचारा, कोण कुठे बसलंय ते त्यांना तोंडपाठ असतं. तुम्ही लिहिलंय की ट्रेकच्या ग्रुपमधले "सगळे" वापरतील, त्यातले किती जण परीक्षा पास आहेत? लायसन्स नसलेल्याच्या हातात हॅमचा सेट देता येत नाही, रिपीटर तुमचा असला तरी. त्यांच्यासाठी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचे लायसन्समुक्त, कमी पॉवरचे वॉकीटॉकी मिळतात, ते द्या. त्यावर एसएफआर नाही, पण रांगेतल्या पुढच्या आणि मागच्या माणसाला जोडायला पुरतात.

अजून एक, हे पुण्याबाहेरच्या लोकांच्या लक्षात येत नाही. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, आणि त्यांचा एक पट्टा २५० ते ५०० मेगाहर्ट्झचा, म्हणजे आपला यूएचएफ थेट त्याच्या आतच. त्या भागात ट्रेकला जाताना उंचावर असला सेट चालू करून ठेवू नका. तिकडे आकाशातलं जे ऐकतात त्याच्यापुढे आपले पाच वॅट म्हणजे कानाशी ढोल.

आणि मे महिन्यात वळवाचे ढग दिसले की सेट, अँटेना आणि माणूस तिघांनी टेकडीवरून खाली यायचं. सेट राहिला तर राहू दे.

तर तुमच्या जागी मी असतो तर अजून एक रुपया खर्च केला नसता. आहेत त्या दोन हँडी घेऊन पुढचे तीन-चार रविवार मित्राबरोबर धायरी ते वडगाव, धायरी ते खडकवासला, तुमच्या गच्चीवरून आणि रस्त्यावरून, कुठून कुठे थेट मिळतं ते नकाशावर पेन्सिलने मांडलं असतं. जिथे मिळत नाही ते भाग काळे करा. मग ज्या एका जागेवरून सगळ्यात जास्त काळे भाग दिसतात ती जागा सांगा, ती तुमची गच्ची आहे की दुसरीच कुठली ते बघू, आणि मग सेटचं बोलू. नकाशाचा फोटो इथेच टाका.

७३ (हॅम भाषेत शुभेच्छा)